ननच्या थिऑलॉजीच्या शिक्षणाचा खर्च कोण करतं?

सिस्टर नर्स झाली की दवाखान्यात तिचा पगार सुरू होतो, बीएड झाली की शाळेत. पण ती काही वर्षं थिऑलॉजी, म्हणजे ख्रिस्ती ईश्वरशास्त्र शिकली तर? फी भरावी लागते, पगार मात्र वाढत नाही. खरी अडचण इथेच आहे.

हुंड्यावर चालणारा मठ

जुन्या गोव्यातली सांता मोनिका ही इमारत पाहा. आर्चबिशप मेनेझिस यांनी १६०६ मध्ये हा ननचा मठ सुरू केला. तिथे येणारी मुलगी सोबत हुंडा आणायची. हो, हुंडाच, फक्त सासरऐवजी मठाला! पुढे पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांवर बंदी आणली आणि १८८५ मध्ये इथली शेवटची नन वारली. १९६४ मध्ये याच इमारतीत सिस्टर्सना थिऑलॉजी शिकवणारी 'मातेर देई' संस्था सुरू झाली.

आज पैसा कुठून येतो?

आपण सगळ्यांनाच 'नन' म्हणतो, पण चर्चच्या कायद्यात फरक आहे. शाळा-दवाखान्यांत दिसतात त्या सिस्टर्स. त्यांचा पगार त्यांच्या धर्मसंघाच्या मालकीचा होतो आणि कुणाला काय शिकवायचं, याचा खर्चही संघच करतो. नन मठाबाहेर नोकरी करत नाहीत. प्रसादाची भाकर बनवणं, शिवणकाम आणि देणग्या यांवर बहुतेक मठ चालतात.

व्हॅटिकनच्या २०१८ च्या नियमांनुसार ननचं सुरुवातीचं प्रशिक्षण ९ ते १२ वर्षांचं असतं. एकट्या मठाला ते झेपणार नाही, म्हणून अनेक मठांचा महासंघ आणि त्याचा सामायिक निधी अशी सोय आहे.

होणाऱ्या फादरांसाठी धर्मप्रांत असतो. शिवाय १८८९ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेला सेंट पीटर निधीही आहे. तो उभा केला जान बिगार आणि तिच्या आईने, म्हणजे दोन बायकांनी! आता त्यातून नवशिक्या सिस्टर्सनाही मदत मिळते.

भारतात काय बदललं?

२०२० च्या एफसीआरए दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने आणखी एक मुद्दा निकाली काढला. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर्सनी पूर्ण पगार संघाला दिला, तरी त्यातून टीडीएस कापला जाईल. म्हणजे ज्या सामायिक खात्यातून थिऑलॉजीची फी जाते, तिथे येणारी रक्कमच कमी होते.