एकाच लाकडाचे धनुष्य कसे घडते?

कोणताही जोड न देता लाकडाच्या एकाच तुकड्यातून घडवलेले धनुष्य म्हणजे एकसंध धनुष्य. इंग्लंडचे मध्ययुगीन लांब धनुष्य हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यासाठी यू या सदाहरित वृक्षाचे लाकूड सर्वोत्तम मानले जाई.

खोड करवतीने कापण्याऐवजी पाचरी ठोकून उभे फाडतात. फाट लाकडाच्या तंतूंच्या दिशेनेच जाते; त्यामुळे तंतू सरळ आहेत की पिळलेले, हे तेव्हाच कळते. फाडलेला तुकडा सावकाश सुकवतात. त्याची टोके मेणाने बंद केल्यास तडे कमी जातात.

दोरी ओढली की धनुष्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडची बाजू, ताणली जाते आणि धनुर्धाऱ्याकडचे पोट दाबले जाते. यूचे फिकट बाहेरचे लाकूड ताण सोसते, तर आतले गडद लाकूड दाब. म्हणून पाठीला बाहेरचा थर राखतात. पाठीचे तंतू तुटले, तर तिथूनच धनुष्य मोडू शकते.

सर्वांत नाजूक काम शेवटचे. दोरी थोडी थोडी ओढून दोन्ही बाहू सारखे वाकतात का, ते पाहतात. ताठ राहणारा भाग पोटाच्या बाजूने खरवडतात. जास्त वाकणाऱ्या भागाला हात लावत नाहीत. काढलेले लाकूड परत जोडता येत नाही, म्हणून इथे घाई चालत नाही.

१५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेवर अशी १३७ अखंड धनुष्ये सापडली. मध्ययुगीन इंग्लिश धनुष्ये फारशी उरलेली नसल्याने या कारागिरीची बरीच माहिती त्यांच्यावरूनच मिळते.