पोवळं गलबतातून आलं, जिवंत प्रवाळ विमानातून

अंगठीतलं पोवळं आपल्या समुद्रातलं नाही बरं का. ते भूमध्य समुद्रातलं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात पोवळं आहे. रोमन लेखक प्लिनी लिहितो, आमच्या बायकांना जशी हिंदुस्थानी मोत्यांची हौस, तशी तिकडच्या पुरुषांना पोवळ्याची. पण तो सगळा मेलेला माल. पोत्यात भरा, सहा महिन्यांनी उतरवा, काही बिघडत नाही.

जिवंत प्रवाळ घरी आणायची गोष्ट फार अलीकडची. 1846 साली अ‍ॅना थिन नावाच्या इंग्रज बाईने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला नेले. सुईदोऱ्याने स्पंजला टाचून ठेवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून तिची मोलकरीण रोज उघड्या खिडकीशी बसून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायची. इतिहासात नाव बाईंचं राहिलं, हात मात्र मोलकरणीचे दुखले.

त्या मोलकरणीचं काम पुढे प्लास्टिकच्या पिशवीने आणि ऑक्सिजनच्या नळकांड्याने केलं. थोडं पाणी, वर ऑक्सिजन, बाहेरून थर्माकोलचा खोका. प्रवाळ घाबरलं की चिकट स्राव सोडतं आणि त्याच पाण्यात गुदमरतं. म्हणून काही जण ते थर्माकोलच्या तुकड्याला बांधून पिशवीत उलटं तरंगत ठेवतात. जेट विमानामुळे इंडोनेशिया, फिजीचा समुद्र एक-दोन दिवसांत युरोप-अमेरिकेच्या दिवाणखान्यात पोचू लागला. किनाऱ्यांवर ओरबाडणं सुरू झालं. फिलिपाइन्सने 1977 मध्येच निर्यातबंदी केली. 1990 पर्यंत सगळे कठीण प्रवाळ 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराखाली आले, म्हणजे सीमा ओलांडायची तर परवाना हवा.

आता आपल्याकडे या. 2001 मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळ घातले गेले. एखाद-दुसरी जात नाही, अख्खा गण. म्हणजे ज्या यादीत वाघ, त्याच यादीत प्रवाळ. शिक्षा किमान 3 वर्षं, जास्तीत जास्त 7. अंदमानहून किंवा मालवणहून 'आठवण' म्हणून बॅगेत टाकलेला मेलेला तुकडाही यात धरला जातो, हे किती पर्यटकांना ठाऊक आहे?

आपलं मालवण सागरी अभयारण्य 1987 चं, म्हणजे या यादीहूनही 14 वर्षं जुनं. आता 2021 पासून चिपीला विमानही उतरतं. अभयारण्याच्या पाट्या थोड्याफार दिसतात. माझं म्हणणं एवढंच, की प्रवाळाची एक ठसठशीत मराठी पाटी विमानतळावर सामान तपासतात तिथे आणि एक मालवणच्या जेटीवर लागावी. खर्च असा कितीसा? गुन्हा नोंदवून घरातल्या पोराला कोर्टाच्या फेऱ्या मारायला लावण्यापेक्षा नक्कीच कमी.