हाफ गार्डमधून माउंट

ब्राझिलियन जिउ-जित्सू व त्यासारख्या जमिनीवरच्या झुंजींतील एक पायाभूत डाव. खालचा खेळाडू पाठीवर किंवा कुशीवर असतो आणि वरच्याचा एक पाय त्याने आपल्या दोन्ही पायांच्या कैचीत धरलेला असतो. ही स्थिती म्हणजे हाफ गार्ड. तो पाय सोडवून वरच्याने त्याच्या धडावर मांड ठोकली, की माउंट झाले. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. इथे पाठ टेकलेला मल्ल हरलेला नसतो, उलट तिथूनच तो पायांनी लढू लागतो.

हाफ गार्ड बराच काळ दुय्यम मानला जाई. पूर्ण गार्ड, म्हणजे वरच्याच्या कमरेभोवती घातलेली दोन्ही पायांची कैची, मोडत आला की नाइलाजाने धरायची ती जागा, असा समज होता. १९९० च्या दशकात रिओच्या रोबेर्तो कोरिया ऊर्फ ‘गोर्दो’ याने तो खोटा ठरवला. गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्याला नेहमीचा गार्ड खेळणे जड जाई. म्हणून त्याने हाफ गार्डमधूनच प्रतिस्पर्ध्याला उलथवण्याचे डाव बसवले. तेव्हापासून वरच्याचे काम अवघड झाले ते झालेच.

नवशिका इथे हमखास एक चूक करतो: अडकलेले पाऊल ओढत बसतो. पाऊल शेवटी सुटते; आधी सोडवायचे असते ते वरचे धड. खालच्याला कुशीवर वळून वरच्याच्या बगलेखाली हात घालायचा असतो. तो हात मिळाला, तर खालचा पाठीकडे सरकतो किंवा वरच्याला उलथवतो. म्हणून वरचा खेळाडू आपला एक हात खालच्याच्या मानेखालून नेतो आणि खांदा जबड्यावर असा रोवतो की तोंड पलीकडे वळावे. तोंड वळले की धडाला वरच्याकडे फिरता येत नाही. दुसरा हात त्याच्या बगलेखाली घालून त्याला पाठीवर सपाट करायचे. खालच्याने मध्ये गुडघ्याची ढाल धरली असेल, तर आधी ती खाली दाबावी लागते. हे सगळे प्रेक्षकाला कंटाळवाणे दिसते, पण डाव जिंकला जातो तो इथेच.

मग बूड थोडे उचलून अडकलेला गुडघा खालच्याच्या मांडीवरून पोटाकडे सरकवायचा. गुडघा बाहेर आणि घोटा अजून कैचीत, अशी अर्धवट मांड बसते. आता मोकळ्या पायाचे पाऊल त्याच्या मांडीवर किंवा गुडघ्याशी टेकवून कैची ढिली करायची, टाच आपल्या बुडाकडे ओढायची आणि सुटलेला गुडघा जमिनीवर टेकायचा. या क्षणी वरच्याचा तोल नाजूक असतो. खालच्याने त्याचा एक हात आणि त्याच बाजूचा पाय अडकवून कंबर उसळवली, तर दोघांची जागा बदलते. म्हणून घोटा सुटेपर्यंत छाती उचलायची नसते.

गुडघा आडवा कापत पाय ओलांडून खालच्याच्या कुशीला, छातीवर आडवे दाबण्याच्या स्थितीत जाणे हा याहून रुळलेला मार्ग आहे. पण त्यात खालच्याला कंबर सरकवून गुडघा पुन्हा मध्ये घालायला वाव मिळतो. माउंटच्या वाटेवर दाब सुटत नाही आणि खालचा वैतागून पालथा झाला, तर त्याच्या पाठीवरची पकड आयती मिळते. या वाटेला संयम मात्र फार लागतो.

आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांत गार्ड भेदल्यास, म्हणजे खालच्याचे पाय ओलांडल्यास, ३ आणि माउंटला ४ गुण मिळतात. स्थिती ३ सेकंद टिकवावी लागते, आणि घोटा कैचीत असेतोवर माउंट धरले जात नाही. अबू धाबी येथे सुरू झालेल्या एडीसीसी स्पर्धेत माउंटला २ गुण आहेत, गार्ड भेदण्याला ३. ज्यूदोतही पाय अडकलेला असेल तर पकड मोजायला सुरुवात होत नाही. मांड ठोकून धरलेली पकड तिथे ताते-शिहो-गातामे म्हणून ओळखली जाते आणि ती २० सेकंद टिकली की इप्पोन, म्हणजे लढत संपते. जिउ-जित्सूत मात्र माउंटवरून गळा आवळायचे किंवा हाताला कुलूप लावायचे काम उरतेच. जिउ-जित्सूपटू रॉजर ग्रेसीने माउंटवरून कॉलर आडवी धरून गळा आवळण्याचा साधा डाव मोठमोठ्या प्रतिस्पर्ध्यांवर पुन्हा पुन्हा चालवून दाखवला.