हाली आणि कळदार : नांदगावच्या सीमेवरील दोन रुपये

परमुलुखात केलेली बचत स्वदेशी आणताना एका चलनातून दुसऱ्या चलनात वळवावी लागते. हा प्रश्न समुद्रापार जाणाऱ्यांचाच आहे, असे सामान्यतः समजले जाते. नाशिक जिल्ह्यातील नांदगाव तालुक्याचा इतिहास पाहिला असता ही समजूत अपुरी ठरते. या तालुक्याला लागून असलेले कन्नड व वैजापूर हे तालुके सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. दोन्हीकडची भाषा मराठी, सोयरिकी सामाईक. परंतु पलीकडचा प्रदेश लोकांच्या बोलण्यात 'मोगलाई' होता आणि तेथील रुपया निराळा होता.

या सीमेवर नांदगावास विशेष महत्त्व होते. मनमाडहून औरंगाबादकडे जाणारा निजामाचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. तोपर्यंत वेरूळ-औरंगाबादकडे जाणारा प्रवासी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नांदगाव स्थानकावर उतरून पुढे सडकेने जाई. माणसांबरोबर नाणीही याच वाटेने ये-जा करीत.

नाण्यांची विविधता या भागास नवी नव्हती. जवळच चांदवडची टांकसाळ होती व तिचा चांदवडी रुपया दूरवर चाले. औरंगाबादेकडे गोविंदबक्षी रुपया प्रचलित होता. १८३५ च्या कायद्याने इंग्रजी मुलुखात एकच रुपया ठरला. संस्थानात १८५७ नंतर मोगल बादशहाचे नाव नाण्यावरून गेले आणि 'हाली सिक्का' रूढ झाला. 'हाली' म्हणजे चालू. मराठीतील 'हल्ली' हा शब्द त्याच अरबी मुळाचा. इंग्रजी रुपयास 'कळदार' म्हणत, कारण तो कळेने, म्हणजे यंत्राने, पाडलेला असे. विसाव्या शतकाच्या आरंभी चारमिनारचे चित्र असलेला हाली रुपयाही यंत्रावर निघू लागला. तरी 'कळदार' हे नाव इंग्रजी रुपयाकडेच राहिले. शब्दाचा मूळ अर्थ मागे पडून तो केवळ मुलूख दाखवू लागला होता.

दोन्ही नाण्यांतील अंतर चांदीचे होते. कळदार रुपयाचे वजन १८० ग्रेन व त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. चारमिनार छापाच्या हाली रुपयात शुद्ध चांदी सुमारे १४१ ग्रेन. १०० कळदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, हा पुढे स्थिरावलेला दर या प्रमाणाशी जवळजवळ जुळतो. सोप्या हिशेबाने सहा कळदारास सात हाली.

या दराने ७०० हाली रुपये साठवून इंग्रजी मुलुखात परतणाऱ्या कारकुनाच्या हाती ६०० कळदार येत, तर ६०० कळदार मिळवून मोगलाईतील गावी जाणाऱ्या मजुराचे ७०० हाली होत. पहिल्यास शंभराची तूट व दुसऱ्यास शंभराचा लाभ झाल्याचे दिसते. परंतु हा दृष्टिभ्रम आहे. दोन भिन्न वस्तूंना 'रुपया' हे एकच नाव असल्यामुळे तो उत्पन्न होतो. चांदीच्या मोजमापात दोघांजवळ जे होते ते बहुतांशी तेवढेच राहिले.

खरी तूट अन्यत्र होती. पहिली सराफाच्या बट्ट्याची, दुसरी वेळेची. १८९३ मध्ये इंग्रजी टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडीस बंद झाल्यावर कळदाराचे मोल चांदीच्या भावापासून सुटले आणि दोन नाण्यांतील जुना मेळ ढळला. शिवाय कापसाच्या हंगामात मराठवाड्यात खरेदीसाठी हाली रुपयास मागणी वाढे व कळदाराच्या मोबदल्यात हाली कमी मिळत. ज्याच्याजवळ भांडवल होते तो अनुकूल भावाची वाट पाहू शके किंवा हुंडी करून हुंडणावळ ठरवून घेई. मजुरास ते शक्य नव्हते. पेरणी, लग्न, सावकाराची मुदत यांपैकी जे दारी येई त्या दिवशीच्या भावाने त्यास नाणे वटवावे लागे. इंग्रजी टपालखात्याने १८८० मध्ये मनीऑर्डर व १८८२ मध्ये बचत बँक सुरू केली. त्यामुळे पैसा वाहून नेण्याचा व घरी ठेवण्याचा धोका कमी झाला. परंतु टपालात साठलेली रक्कम कळदारच होती, आणि हाली देणे फेडायचे तर सराफाची पायरी चुकत नसे.

या व्यवहाराची खूण भाषेत उरली आहे. बट्टा म्हणजे नाणे वटविताना होणारी घट; 'नावाला बट्टा लागणे' हा वाक्प्रचार सराफाच्या पेढीवरून नीतीच्या क्षेत्रात आला. नाण्यावरचा बट्टा हा त्या नाण्याच्या लौकिकाचा निवाडा होता, हे ज्यांना रोज अनुभवास येई, त्यांनीच हे रूपक घडविले.

विलीनीकरणानंतर हाली चलन टप्प्याटप्प्याने मागे घेण्यात आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर नांदगावची सीमा केवळ जिल्ह्याची उरली. मात्र प्रश्न संपला नाही. त्याची जागा बदलली. आज आखातात राबणारा मराठी कामगार दिरहम किंवा रियाल घरी धाडतो. तेथे नावे भिन्न असल्याने जुना दृष्टिभ्रम होत नाही. तरीही जाहीर दर व हाती येणारा दर यांतील अंतर आणि घरची निकड हे दोन बट्टे त्याच्या बचतीस लागतातच. चलनांच्या इतिहासात दरांचे कोष्टक सहज सापडते. ज्यास थांबता येत नव्हते त्याने काय गमावले, हे मात्र त्या कोष्टकात नोंदलेले नसते.