कोपऱ्यांनी अडवलेला प्रकाश

१/१०
प्रकाशतंतू म्हटला की केसासारखी बारीक, गोल काचेची तार डोळ्यांपुढे येते. परंतु प्रकाशाची प्रत्येक वाट गोल नसते. काही वाटा आयताकृती असतात, काही लंबवर्तुळाकार. या आकारांनी गणितज्ञांना जेरीस आणले आणि अभियंत्यांना मात्र तारले. हा धागा त्या इतिहासाचा.

२/१०
आधी तत्त्व. अधिक अपवर्तनांकाचा गाभा आणि भोवती कमी अपवर्तनांकाचे आवरण असले, की पुरेसा तिरका प्रकाश सीमेवरून पूर्णपणे आत परततो. जिनिव्हाच्या डॅनियल कोलाडॉन यांनी पाण्याच्या वाकत्या धारेत कोंडलेल्या प्रकाशाचे वर्णन १८४२ साली प्रसिद्ध केले. पण गाभा तरंगलांबीइतका बारीक झाला, की किरणांची भाषा अपुरी पडते. तेथे तरंगांचाच हिशेब मांडावा लागतो.

३/१०
तो हिशेब आधी धातूच्या पोकळ नळ्यांसाठी मांडला गेला. लॉर्ड रेले यांनी १८९७ साली आयताकृती आणि गोल अशा दोन्ही नळ्यांतून विद्युत तरंग कसे जातात, हे दाखवले. आदर्श धातूच्या भिंतीपलीकडे तरंग जात नाही. त्यामुळे आयताचे गणित तेथे सरळ सुटते.

४/१०
काचेत तसे होत नाही. प्रकाशाचा काही अंश सीमा ओलांडून आवरणात शिरतो आणि झपाट्याने क्षीण होतो. म्हणजे आतले आणि बाहेरचे क्षेत्र सीमेच्या प्रत्येक बिंदूवर जुळले पाहिजे. गोल, अवाहक तारेसाठी हे गणित होंड्रोस आणि डिबाय यांनी १९१० साली मांडले. वर्तुळाची सममिती त्यांच्या मदतीला होती.

५/१०
लंबवर्तुळाकडे ती सममिती नाही. एमिल मात्यू यांनी १८६८ साली लंबवर्तुळाकार पडद्याची कंपने अभ्यासताना जी फले शोधली, तीच पुढे येथे उपयोगी पडली. कॅव्हूर ये यांनी १९६२ साली लंबवर्तुळाकार अवाहक तरंगवाहकाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. अडचण अशी, की गाभ्यातली आणि आवरणातली मात्यू फले एकास एक जुळत नाहीत. उत्तर अनंत श्रेणीत द्यावे लागते.

६/१०
आयत त्याहून हट्टी. सप्टेंबर १९६९ च्या ‘बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल’ मध्ये स्ट्युअर्ट मिलर यांनी ‘इंटिग्रेटेड ऑप्टिक्स’ची कल्पना मांडली : लेसर आणि इतर प्रकाशीय घटक एकाच लहानशा पट्टीवर. सपाट पृष्ठावर घडवलेली वाट स्वाभाविकपणे आयताकडे झुकते. आणि आयताचे नेमके उत्तर कोणापाशीच नव्हते.

७/१०
त्याच अंकात एन्रिके मार्काटिली यांनी तोडगा दिला. प्रकाश नीट कोंडलेला असेल, तर बहुतांश ऊर्जा गाभ्यात आणि थोडी चार बाजूंना असते. चार कोपऱ्यांबाहेरच्या भागांत ती नगण्य असते. तेव्हा ते भाग सोडूनच द्यावेत! मग आयताचा प्रश्न दोन सोप्या, सपाट थरांच्या प्रश्नांत विभागला जातो.

८/१०
हा तोडगा कितपत विश्वसनीय? पुन्हा त्याच अंकात जे. ई. गोएल यांनी संगणकाच्या साहाय्याने आयताची उत्तरे काढली. प्रकाश घट्ट कोंडलेला असताना दोन्ही पद्धतींचे निष्कर्ष जवळजवळ जुळतात. बंधन सुटण्याच्या बेतात असले, म्हणजे ऊर्जा बाहेर पसरू लागली, की सोडलेले कोपरे आपला हिशेब मागतात आणि अंदाज चुकतो.

९/१०
आता दुसरी बाजू. गोल गाभ्यात प्रकाशाची दोन परस्परलंब ध्रुवीकरणे एकाच वेगाने जातात. त्यामुळे किंचित वाक किंवा दाब त्यांची सरमिसळ करून टाकतो. गाभा मुद्दाम लंबवर्तुळाकार केला, तर दोघांचे वेग वेगळे होतात आणि सरमिसळ साचत नाही. डायट, कोझेन्स आणि मॉरिस यांनी १९७९ साली अशा तंतूंत ध्रुवीकरण टिकत असल्याचे मांडले. प्रकाशतंतूंवर चालणाऱ्या जायरोस्कोपला, म्हणजे वळण मोजणाऱ्या उपकरणाला, हाच गुण हवा असतो.

१०/१०
तात्पर्य काय? गोलाकार ही प्रकाशाची अट नव्हती. ती गणिताची आणि तंतू ओढण्याच्या कृतीची सोय होती. ज्या असममितीला दोष मानले, तिनेच प्रकाशाला शिस्त लावली. आणि मार्काटिली यांचा धडा त्याहून मोठा : काय सोडून द्यावे हे कळणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते कुठवर सोडता येते हे जाणणेही. इतिहास वाचतानाही हे ध्यानी असावे.