दोन लेकरांची आई आणि दोनशे मीटरची शर्यत



महिला दिनाला आपल्याकडे बचत गटांच्या स्पर्धा होतात. लिंबू-चमचा असतो, संगीत खुर्ची असते, आणि एखाद्या वर्षी कुणीतरी धावण्याची शर्यत ठेवतं. तेव्हा काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. चार जणी पदर खोचून पुढे येतात आणि बाकीच्या हसत हसत मागे सरकतात. ‘आता काय वय आहे का पळायचं? दोन लेकरांची आई मी!’ खोटं कशाला बोला, आम्हीही हे कितीदा तरी म्हटलंय.

आज ज्या बाईची गोष्ट सांगणार आहोत, तिलाही लोकांनी हेच ऐकवलं होतं. वय तीस, पदरात दोन लेकरं. पण ती मागे सरकली नाही. तिचं नाव फॅनी ब्लँकर्स-कून. देश नेदरलँड्स, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो तो. साल १९४८, आणि जागा लंडनचं ऑलिम्पिक.

पण फॅनीच्या शर्यतीकडे जायच्या आधी थोडं मागे जायला हवं. कारण ज्या धावपट्टीवर ती पळाली, ती बायांना कुणी आपणहून दिली नव्हती.

ऑलिम्पिक नव्यानं सुरू झालं १८९६ साली. ते सुरू करणारे फ्रान्सचे पिअर द कुबर्टिन बायांनी या खेळांत उतरावं याच्या विरोधात होते. टेनिस, पोहणं अशा काही खेळांत पुढे बाया आल्या, पण धावणं, उड्या, फेकी यांचं दार बंदच होतं. तेव्हा फ्रान्सच्याच अ‍ॅलिस मिलिया नावाच्या बाईनं पुढाकार घेतला. दार उघडत नाही म्हणताना १९२१ साली वेगवेगळ्या देशांतल्या बायांनी मिळून आपली स्वतःची संघटना उभी केली आणि १९२२ साली पॅरिसला फक्त बायांच्या जागतिक स्पर्धा भरवल्या. त्यात हजार मीटरची शर्यतसुद्धा होती. लोक बघायला आले, विक्रम झाले. मग मात्र ऑलिम्पिकवाल्यांना नाही म्हणणं जड गेलं. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये बायांसाठी मैदानी खेळांचे पाच प्रकार ठेवले गेले.

त्यांतली एक शर्यत होती आठशे मीटरची. अंतिम फेरीत नऊ जणी होत्या आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. जर्मनीची लीना राडके पहिली आली, जपानची हितोमी किनुए दुसरी. जीव तोडून धावल्यावर दम लागणारच. काही जणी शेवटी गवतावर बसल्या, आडव्या झाल्या. पुरुष धावपटूही तेच करतात. पण वर्तमानपत्रांत काय छापून आलं? बाया कोसळल्या, हे अंतर त्यांच्या नाजूक शरीराला झेपणारं नाही. काही बातम्यांत तर कितीजणी धावल्या तो आकडाही चुकीचा होता. त्या गवगव्यानं आठशे मीटरची शर्यत बायांसाठी बंद झाली, ती थेट १९६० साली परत सुरू झाली. बत्तीस वर्षं! म्हणजे १९२८ साली जन्मलेली मुलगी बत्तीस वर्षांची होईपर्यंत तिला ऑलिम्पिकमध्ये ते अंतर धावायची सोय नव्हती.

आता फॅनीकडे येऊ. तिचा जन्म १९१८ चा. १९३६ साली अठराव्या वर्षी ती बर्लिनच्या ऑलिम्पिकला गेली, पण पदक मिळालं नाही. पुढच्या वेळी बघू, असं ठरवलं. पण पुढची वेळ आलीच नाही. दुसरं महायुद्ध पेटलं. १९४० चं ऑलिम्पिक रद्द, १९४४ चंही रद्द. तिच्या देशावर जर्मन फौजांनी ताबा मिळवला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे असा उपास पडला, की लोकांनी फुलझाडांचे कंद उकडून खाल्ले. खेळाडूची ऐन उमेदीची वर्षं म्हणतात ती तिची अशी गेली.

१९४० साली तिनं आपले प्रशिक्षक यान ब्लँकर्स यांच्याशी लग्न केलं. पहिला मुलगा झाला तेव्हा वर्तमानपत्रांनी गृहीतच धरलं, की आता हिचं खेळणं संपलं. तिनं मात्र थोड्याच दिवसांत सराव पुन्हा सुरू केला. युद्ध चालू असतानाच १९४३ साली तिनं उंच उडीचा आणि लांब उडीचा, असे दोन जागतिक विक्रम केले. नंतर मुलगी झाली. घरचं सगळं आवरून आठवड्यातून काही तास सराव करायचा आणि लेकरांना मैदानावर सोबत न्यायचं, अशी तिची पद्धत. आई पळायची आणि लेकरं वाळूत खेळायची. शेताच्या बांधावर झाडाखाली लेकरू बसवून खुरपायला लागणाऱ्या आपल्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९४८ साली ती लंडनला निघाली तेव्हा बोलणारे दोन्हीकडून बोलत होते. इंग्लंडच्या संघाचे व्यवस्थापक जॅक क्रम्प यांनी तिचं वय झालं असल्याचं जाहीर मत दिलं. तिच्याच देशातल्या लोकांनी तिला पत्रं लिहिली, की घरी बसून मुलं सांभाळावीत, आखूड चड्डी घालून मैदानावर पळू नये. त्या ऑलिम्पिकला आलेल्या पुरुषांमध्येही बाप असतीलच की. तुमची मुलं कोण सांभाळतंय, असं त्यांना कुणी पत्र लिहिलं असेल, असं आम्हाला वाटत नाही.

एका खेळाडूनं स्वतःच्या जोरावर तीनच प्रकारांत भाग घ्यायचा, असा तेव्हाचा नियम होता. म्हणून ज्या दोन उड्यांत तिचा जागतिक विक्रम होता, त्या तिनं सोडून दिल्या. शंभर मीटर, ऐंशी मीटर अडथळा शर्यत आणि दोनशे मीटर हे तीन प्रकार घेतले, आणि चौथी संघाची रिले.

२ ऑगस्टला शंभर मीटरची अंतिम फेरी झाली. धावपट्टी कोळशाची राख दाबून केलेली, वरून पाऊस, सगळा चिखल. फॅनी ११.९ सेकंदांत पहिली आली. ४ ऑगस्टला अडथळा शर्यत. त्यात इंग्लंडची मॉरीन गार्डनर आणि ती जवळजवळ एकदमच पोहोचल्या. निकाल फोटो बघून लागायचा होता. तेवढ्यात इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजायला लागलं. फॅनीला वाटलं, गेलं, मॉरीन जिंकली. पण ते गीत वाजलं होतं राजघराण्यातली माणसं मैदानात आली म्हणून! फोटोत फॅनी पहिली निघाली.

आणि मग दोनशे मीटर. बायांची दोनशे मीटरची शर्यत ऑलिम्पिकमध्ये त्या वर्षी पहिल्यांदाच ठेवली होती. आठशे मीटर बंद असल्यामुळे त्या ऑलिम्पिकमध्ये बायांसाठी हेच सगळ्यांत लांबचं अंतर होतं.

इथे एक गोष्ट घडली, ती आम्हाला फार आपली वाटते. दोन सुवर्णपदकं गळ्यात होती, तरी दोनशे मीटरच्या उपांत्य फेरीआधी फॅनी कपडे बदलायच्या खोलीत रडायला लागली. दमली होती. लोकांच्या अपेक्षांचं ओझं झालं होतं. लेकरांची आठवण येत होती. आता नको, घरी जाते, असं ती म्हणाली. नवऱ्यानं जबरदस्ती केली नाही. नको वाटत असेल तर नको पळूस, पण पुढे याची हळहळ वाटेल, एवढंच समजावलं. तिनं मनसोक्त रडून घेतलं. मग उठली, डोळे पुसले आणि उपांत्य फेरी जिंकून आली.

६ ऑगस्टला अंतिम फेरी. पुन्हा ओली, जड धावपट्टी. वळणावरून सरळ पट्टीत आल्यावर तिच्या पुढे कुणीच नव्हतं. वेळ लागला २४.४ सेकंद. दुसरी आलेली इंग्लंडची ऑड्री विल्यमसन २५.१ सेकंदांत. फरक सात दशांश सेकंदांचा. ऐकायला हा फरक डोळ्याची पापणी लवण्याएवढा वाटतो. पण त्या वेगात तेवढ्या वेळात पाच-सहा मीटर अंतर पडतं. वेगाच्या शर्यतीत दशांशानं, शतांशानं हार-जीत होते, तिथे हे अंतर खूपच मोठं.

दुसऱ्या दिवशी रिलेत तिच्या हातात काठी आली तेव्हा तिचा संघ मागे होता. तिनं एकेकीला मागे टाकलं आणि चौथं सुवर्णपदकही आणलं. अ‍ॅमस्टरडॅमला चार घोड्यांच्या गाडीतून तिची मिरवणूक निघाली. तिला एक सायकल भेट मिळाली, आता एवढं पळायला नको म्हणून! वर्तमानपत्रांनी तिचं नाव ठेवलं ‘उडती गृहिणी’. कौतुकानंच ठेवलं. पण चार सुवर्णपदकं जिंकल्यावरही तिची ओळख घरातल्या कामावरूनच दिली गेली, हेही खरं. पुढे १९९९ साली जागतिक संघटनेनं तिला शतकातली सर्वश्रेष्ठ महिला मैदानी खेळाडू ठरवलं. २००४ साली ती गेली.

आता आपल्याकडे वळू. त्याच लंडन ऑलिम्पिकमध्ये आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्ती खेळले आणि सहावे आले. पण स्वतंत्र भारताच्या त्या पहिल्या ऑलिम्पिक संघात बाई एकही नव्हती. चारच वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीला मुंबईच्या वांद्र्याची मेरी डिसूझा शंभर आणि दोनशे मीटर धावली. त्याच शंभर मीटरच्या शर्यतीत फॅनीचंही नाव होतं. पुढे १९५४ साली मनिलाच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या बायांनी रिलेचं सुवर्णपदक जिंकलं, त्या चौघींत मेरी होती.

आणि अंतराचं म्हणाल, तर १९४८ साली बायांना दोनशे मीटरच्या पुढे परवानगी नव्हती. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर तीन हजार मीटरच्या अडथळा शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत पोहोचली आणि दहावी आली. पाण्याच्या टंचाईसाठी ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यातली मुलगी, पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत तीन हजार मीटर धावली. बाईच्या शरीराला आठशे मीटर झेपत नाही असं ज्यांनी ठरवलं होतं, त्यांनी हे बघायला हवं होतं.

बाईचं शरीर १९२८ साली होतं तेच आजही आहे. बदलली ती दुसऱ्यांनी आखलेली रेघ, आणि तीही आपोआप पुसली गेली नाही. आधी बायांनी एकत्र येऊन संघटना केली. मग एखादी फॅनी रडली, दमली, तरी उठून धावली. आणि तिच्या पाठीशी घरातलं एक माणूस उभं राहिलं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं बोलून बघा. तुम्ही कधी कशातून मागे सरकलात, आणि ‘आता वय झालं’ हे तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं? आणि येत्या महिला दिनाला लिंबू-चमच्याच्या जोडीला धावण्याची शर्यतही ठेवा. लेकरं सांभाळायला त्या दिवशी घरातल्या पुरुषांना बोलवा. आम्हीही या वेळी पदर खोचून रेघेवर उभ्या राहणार आहोत. नंबर येवो न येवो.