आकाशाची मालकी : 'स्टार स्पोर्ट्स'चा वृत्तान्त

जुन्या संस्थानी गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना वाटणी, दत्तक, वतन हे शब्द परके नाहीत. आज ज्या घराण्याचा वृत्तान्त मी मांडतो आहे, त्याने हे सारे पस्तीस वर्षांच्या आत पाहिले.

१९९१ साली हाँगकाँगमध्ये ली का-शिंग यांच्या उद्योगसमूहाने 'स्टार' ही उपग्रह-वाहिन्यांची कंपनी काढली. तिची खेळाची वाहिनी 'प्राइम स्पोर्ट्स'. १९९३ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने स्टारमधला मोठा हिस्सा विकत घेतला आणि पुढे ही वाहिनी 'स्टार स्पोर्ट्स' झाली. १९९६ मध्ये तिने आपल्या प्रतिस्पर्ध्याशी, म्हणजे अमेरिकेच्या ईएसपीएनशी, निम्म्या-निम्म्या भागीदारीचा संसार थाटला.

दरम्यान आपल्याकडे एक मोठा खटला उभा राहिला होता. १९९३ च्या हीरो चषकाचे प्रक्षेपण बंगाल क्रिकेट असोसिएशनने एका परदेशी कंपनीकडे सोपवले. सरकार १८८५ चा तार कायदा पुढे करून आडवे आले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मुंबई उच्च न्यायालयातून तेथे गेलेले न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा गाभा असा, की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी नको, तशीच धनिकांचीही नको. तिचे नियमन स्वतंत्र सार्वजनिक यंत्रणेने करावे.

पहिला निषेध सगळ्यांच्या लक्षात राहिला, दुसरा विस्मरणात गेला. तशी यंत्रणा उभारू पाहणारे १९९७ चे प्रसारण विधेयक कायदा न होताच विरले.

बाजार मात्र थांबला नाही. २०१२ मध्ये न्यूज कॉर्पोरेशनने ईएसपीएनचा निम्मा वाटा विकत घेतला आणि पुढच्या वर्षी ईएसपीएन हे नाव आपल्या पडद्यावरून गेले. २०१७ मध्ये स्टारने आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क १६,३४७.५ कोटी रुपयांना घेतले. २०१९ मध्ये मर्डॉक यांच्याकडून स्टार डिस्नेकडे गेली. गंमत पाहा, ईएसपीएनची मुख्य मालकीण डिस्नेच. निम्मा वाटा विकून बाहेर पडलेले घराणे सात वर्षांनी सबंध वाड्याचे धनी होऊन परतले. २०२२ च्या लिलावात आयपीएलचे दूरचित्रवाणी हक्क स्टारने घेतले, तर भारतातले डिजिटल हक्क रिलायन्सच्या व्हायकॉम१८ ने. नोव्हेंबर २०२४ मध्ये हे दोन्ही प्रतिस्पर्धी एकाच कंपनीत विलीन झाले.

या उलाढालीत प्रेक्षकाच्या पदरात काय पडले? २००७ चा एक कायदा. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण जाहिरातींविना प्रसार भारतीला द्यावे, असे तो सांगतो. पण तेही केबलवाल्यामार्फत घरोघर जाता कामा नये, ते दूरदर्शनच्या मनोऱ्यांवरून आणि त्याच्या स्वतःच्या मोफत डिश-सेवेवरूनच दाखवावे, असे न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले.

खासगी वाहिन्यांनी खेळ उत्तम दाखवला. अनेक कॅमेरे आणले, प्रादेशिक भाषांत समालोचन आणले. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण १९९५ चा निकाल निम्माच अमलात आला, हेही नोंदवले पाहिजे. सरकारची मक्तेदारी गेली. तिच्या जागी दुसरी येऊ नये म्हणून जो पहारेकरी नेमायचा होता, त्याची जागा आजही रिकामी आहे. वतन जनतेच्या नावावर आहे, वहिवाट मात्र दुसऱ्यांची आहे. आणि नुसत्या नावाने वतन टिकत नाही, हे आपल्या जुन्या घरांना कोणी सांगायला नको.